निजानीज

निजानीज हा मराठीतला जुना कालवाचक शब्द आहे. घड्याळात त्याचा आकडा सापडत नाही. तिन्हीसांजेनंतर दिवेलागण, दिवेलागणीनंतर जेवणवेळ आणि जेवणे उरकून, भांडी घासून, शेवटच्या दाराला कडी लागली की निजानीज, असा तो क्रम होता. पुढे मध्यरात्र, उत्तररात्र आणि झुंजूमुंजू. ‘निजानीज झाल्यावर ये’ असे म्हटले तर नेमके किती वाजता, हे कुणी विचारत नसे. सगळे निजले की ती वेळ झाली, एवढीच तिची व्याख्या. ही वेळ माणसांनी मिळून तयार केलेली असे आणि एखादे घर उशिरापर्यंत जागे राहिले तर त्या आळीपुरती ती लांबतही असे.

कायद्याला इतका सैल शब्द चालत नाही. १४ फेब्रुवारी २००० रोजी केंद्र सरकारने पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम जारी केले आणि साऱ्या देशाची रात्र एका ओळीत ठरवून टाकली: रात्री दहा ते सकाळी सहा. पौषात सहा वाजता पुण्यात मिट्ट काळोख असतो आणि ज्येष्ठात त्याच वेळी उजाडलेले असते. नियमाला दोन्ही सारखेच. दादरच्या रात्रीला आणि देवगडजवळच्या वाडीतल्या रात्रीलाही तो एकाच मापाने मोजतो. ही सक्ती कृत्रिम वाटते खरी, पण ती का करावी लागली याचे कारण निजानीज या शब्दातच दडलेले आहे. सगळ्यांचे घड्याळ एक होते तोवर रात्र आपोआप शांत होत असे. पहाटे घरोघर जाती घरघरत आणि त्यांच्यावर ओव्या म्हटल्या जात. कोंबडे आरवत, विहिरीवर रहाट कुरकुरे. त्याविरुद्ध कुणी गाऱ्हाणे केल्याचे ऐकिवात नाही, कारण ऐकणारा आणि आवाज करणारा एकाच वेळी निजत आणि एकाच वेळी उठत. आता एकाच मजल्यावर एक बिऱ्हाड अमेरिकेच्या वेळेवर काम करते, दुसऱ्यातला मुलगा बोर्डाच्या परीक्षेला बसलेला असतो, तिसऱ्यातला माणूस पहाटे चारच्या पाळीला निघतो आणि चौथ्यात तान्हे मूल असते. एक घड्याळ मोडले तेव्हा नियम आणावा लागला.

नियमांनी वस्तीचे चार भाग पाडले आणि प्रत्येकाला आवाजाची मर्यादा आखून दिली. औद्योगिक भागात दिवसा ७५ डेसिबल आणि रात्री ७०, व्यापारी भागात ६५ आणि ५५, निवासी भागात ५५ आणि ४५, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरांचा परिसर हे शांतता क्षेत्र. २०१७ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि राज्य सरकारने रीतसर घोषित केल्याशिवाय कोणतेही ठिकाण शांतता क्षेत्र ठरणार नाही, असे त्यात आले. त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रोखली आणि काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या आदेशाला स्थगिती दिली. कागदावरची ही चार चौकोनांची आखणी आपल्या शहरांवर बसवताना मात्र शिवण उसवते. तळमजल्यावर वडापावची गाडी आणि मोबाइलचे दुकान, पहिल्या मजल्यावर क्लास, त्यावर बिऱ्हाडे आणि समोर प्रसूतिगृह, अशी इमारत नेमकी कोणत्या चौकोनात बसवायची, हा प्रश्न कोणत्याही पेठेत पडतो.

डेसिबलचे गणितही सरळ नाही. ते बेरजेने चढत नाही, पटीने चढते. आवाज ३ डेसिबलने वाढला म्हणजे त्यातली ऊर्जा दुप्पट झाली आणि १० डेसिबलने वाढला म्हणजे ती दसपट झाली. कानाला मात्र ती दसपट साधारण दुप्पट वाटते. त्यामुळे निवासी भागातला दिवसाचा ५५ आणि रात्रीचा ४५ हा फरक दिसायला दहाचा असला, तरी रात्री दिवसाच्या एकदशांश ध्वनिऊर्जेलाच मुभा आहे. समोरासमोर बसून केलेले साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास जाते, कुजबूज ३० च्या आसपास, आणि चटणी वाटणारा मिक्सर ऐंशीच्या पुढे. हे मोजमाप सरासरीचे असते, हेही ध्यानात घ्यावे लागते. आठ तासांच्या सरासरीत मध्यरात्री फुटलेला एक सुतळी बॉम्ब वेगळा दिसत नाही. झोपमोड मात्र त्या एकाच क्षणाने होते.

मापातली आणखी एक फट स्पीकरच्या भिंती उभ्या करणाऱ्यांना नकळत उपयोगी पडते. कायद्यातले डेसिबल ‘ए’ मापाचे असतात. माणसाच्या कानाला खर्जातले आवाज कमी ऐकू येतात, म्हणून हे माप त्यांना कमी गुण देते. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ज्याला सरसकट डॉल्बी म्हणतात, त्याचा सगळा जोर नेमका त्या खर्जात असतो. मिरवणूक अजून दोन गल्ल्या दूर असतानाच स्वयंपाकघरातल्या मांडणीवर उपडे घातलेले पेले एकमेकांना लागून किणकिणू लागतात. मग खिडकीची सैल काच तावदानात थरथरते. नंतर झोपलेल्याच्या छातीत एक ठोका बाहेरून येऊन पडतो आणि गाणे सगळ्यात शेवटी ऐकू येते. भिंत, दार, उशी यांतली कोणतीही गोष्ट या खर्जाला फारशी अडवत नाही. टिपेचा आवाज भिंतीत बराचसा जिरतो आणि खर्ज आरपार येतो. शेजारच्या घरातल्या गाण्याचे शब्द न कळता नुसता ठोका ऐकू येतो तो त्यामुळेच.

रात्रीची हवासुद्धा आवाजाच्या बाजूने असते. दिवसा जमीन तापलेली असते, तिच्यालगतची हवा गरम आणि वरची थंड, त्यामुळे आवाज वरच्या दिशेने वळून विरून जातो. निरभ्र रात्री जमीन लवकर निवते. लगतची हवा थंड होते आणि वरची तुलनेने गरम राहते. आवाज खाली वळतो आणि जमिनीलगत लांबवर जातो. दिवसा ऐकू न येणारी रेल्वेची शिटी रात्री तीन-चार किलोमीटरवरच्या खेड्यात स्पष्ट येते, त्यामागे रहदारी थांबलेली असण्याइतकेच हेही कारण आहे. दुपारी मांडवापुरता असलेला कर्णा तेवढ्याच आवाजावर रात्री अख्ख्या गावाचा होतो.

झोपलेल्या माणसाचा कान झोपत नाही. बाळ कुरकुरले की आई जागी होते आणि त्याहून मोठा आवाज करत ट्रक खालून गेला तरी ती कूससुद्धा बदलत नाही. झोपेतही मेंदू आवाज निवडत असतो, तो असा. पण जाग आली नाही म्हणजे त्रास झाला नाही असे होत नाही. आवाजासरशी नाडी वाढते, रक्तदाब किंचित चढतो, गाढ झोप उथळ होते आणि सकाळी यातले काहीच आठवत नाही. गाढ झोपेचा मोठा भाग रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात येतो. दहाला निजणाऱ्याच्या बाबतीत तो मध्यरात्रीपर्यंतचा काळ. सणासुदीला आवाजाला नेमकी हीच वेळ वाढवून दिली जाते. रोजच्या आवाजाची सवय होते हे खरे असले, तरी सवय मनाला लवकर होते आणि हृदयाला पुरती कधीच होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी सुचवलेली रात्रीची मर्यादा घराबाहेर ४० डेसिबल होती. त्याआधी १९९९ च्या तिच्या मार्गदर्शक सूचनांत झोपण्याच्या खोलीत ३० डेसिबल पुरेत, असे म्हटले होते. आपला ४५ चा आकडा त्या मानाने उदार आहे.

रात्री दहानंतर काय चालत नाही, याची यादी नियमांत स्पष्ट आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर ती अधिक नेमकी झाली. ध्वनिक्षेपक, ध्वनिवर्धक, वाद्य किंवा आवाज करणारे कोणतेही साधन उघड्यावर वाजवता येत नाही. सभागृह, समाजमंदिर, मंगल कार्यालयाचा हॉल अशा बंदिस्त जागेत, आतल्या आत ऐकू जाण्यापुरते ते चालते आणि सार्वजनिक आणीबाणीत चालते. निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री बांधकामाची आवाज करणारी यंत्रे बंद ठेवायची. रात्री फटाके फोडायचे नाहीत आणि निवासी भागात हॉर्न वाजवायचा नाही. खासगी जागेतल्या संगीतव्यवस्थेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त भरता कामा नये, म्हणजे निवासी भागात रात्री ५० च्या वर नाही. घरातले होम थिएटर किंवा रविवारच्या कराओकेची मैफल यातून सुटत नाही.

या यादीतल्या ‘वाद्य’ या शब्दाकडे सहसा लक्ष जात नाही. डीजे बंद झाला आणि ढोल-ताशा सुरू झाला म्हणजे नियम पाळला गेला, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. दहानंतर उघड्यावरचा ढोलही त्याच कलमात येतो. दुसरी समजूत अशी की मापनयंत्राशिवाय तक्रारच होत नाही. दिवसाच्या तक्रारीसाठी मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज असावा लागतो, हे बरोबर. रात्री उघड्यावर कर्णा वाजतो आहे, एवढेच उल्लंघन पुरेसे असते. तिथे आकडा लागत नाही, घड्याळ लागते.

सणांची सवलत २००२ साली नियमांत आली. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री बारापर्यंत वाढवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये ही तरतूद कायम ठेवली, पण हा अधिकार राज्यानेच वापरावा, खाली कुणाकडे सोपवू नये आणि शांतता क्षेत्राला ही सवलत लागू नये, असे बजावले. महाराष्ट्रात या १५ दिवसांची वाटणी हा दरवर्षीचा हिशेब असतो. गणेशोत्सवातले काही दिवस, नवरात्रातले काही, शिवजयंती, आंबेडकर जयंती, नाताळ, ३१ डिसेंबर आणि राखून ठेवलेला एखादा दिवस. बारा म्हणजे बारा. अनंत चतुर्दशीला पुण्यात बाराच्या ठोक्याला कर्णे थांबतात, मिरवणूक मात्र थांबत नाही. ती दुसऱ्या दिवशी दुपार-संध्याकाळपर्यंत चालते. पहाटेपर्यंत मंडळे रस्त्यातच उभी असतात आणि सहा वाजले की पुन्हा ठोका पडतो. मधले सहा तास लक्ष्मी रस्त्यावर हजारो माणसे असूनही कुजबुजीचा आवाज असतो. नियमाने निर्माण केलेली इतकी विचित्र शांतता दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल.

हा नियम सरकारला आपणहून सुचला नाही. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी १९८० च्या दशकापासून आवाजाविरुद्ध उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. पुढे सुमैरा अब्दुलअली यांच्या आवाज फाउंडेशनने मापनयंत्र हातात घेऊन मिरवणुकींचे आकडे गोळा करायला सुरुवात केली. ऑगस्ट २००० मध्ये चेन्नईतल्या एका चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दुसऱ्याची शांतता मोडून किंवा ध्वनिवर्धक लावून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. १८ जुलै २००५ चा निकाल या विषयातला सर्वांत मोठा मानला जातो. त्याच्या मुळाशी एक वृत्त होते. एका मुलीवर अत्याचार होत असताना तिच्या हाका कुणाला ऐकू गेल्या नाहीत, कारण शेजारी मोठ्याने कर्णा चालू होता. ते वाचून अस्वस्थ झालेल्या एका अभियंत्याने याचिका केली. सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी यांच्या पीठाने निकालात सांगितले की शांतपणे जगणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. बोलण्याचे स्वातंत्र्य आहे, पण न ऐकण्याचेही आहे, आणि कुणालाही जबरदस्तीचा श्रोता करता येत नाही.

महाराष्ट्रात ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. नियम सर्व धर्मांना सारखे लागू आहेत, ध्वनिक्षेपक वापरण्याचा मूलभूत हक्क कुणालाही नाही, आणि पोलिसांकडे मापनयंत्रे असली पाहिजेत, हे त्यातले मुद्दे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वाटेवर पुढचे पाऊल टाकले. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अनिवार्य भाग नाही, असे न्यायालयाने म्हटले. पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न विचारता, न उघड करता कारवाई करावी, असेही सांगितले. ओळखीबद्दलचे हे वाक्य निकालात का यावे लागले, हे पुढच्या प्रसंगावरून उमगते.

ठाणे-रायगडच्या पट्ट्यात लग्नाच्या आदल्या रात्री हळद असते आणि हळदीला डीजे असतो. अकरा वाजून गेलेले असतात. समोरच्या इमारतीतून कुणीतरी ११२ वर फोन करते. वीस मिनिटांनी दोन बीट मार्शल मोटारसायकलवरून येतात. त्यांना पाहूनच आवाज उतरतो. नवरदेवाचा काका पुढे होतो, हात जोडतो, ‘साहेब, पाच मिनिटं, शेवटचं गाणं’ म्हणतो. साहेब मान डोलावतात. मग काका गर्दीकडे वळून, वर खिडक्यांकडे पाहत, मोठ्याने विचारतो, ‘कोणी कंप्लेंट केली रे?’ त्या क्षणी समोरच्या तिसऱ्या मजल्यावरचा दिवा विझतो. मोटारसायकल वळणावर दिसेनाशी झाली की आवाज पहिल्यापेक्षा एक घर वर चढतो. रात्रीच्या शांततेच्या कायद्याचे सगळे बळ आणि सगळी दुर्बलता या वीस मिनिटांत आहे. तक्रार करणाऱ्याला सकाळी त्याच रिक्षा स्टँडवर उभे राहायचे असते.

शिक्षेचे आकडे भिन्न कायद्यांत विखुरलेले आहेत. भारतीय न्याय संहितेच्या २७० व्या कलमात सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आहे आणि २९२ व्या कलमात त्यासाठी १,००० रुपयांपर्यंत दंड आहे. जुन्या दंड संहितेत तो २०० रुपये होता. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या ३८ व्या कलमाखाली पोलीस गाण्या-बजावण्याला मज्जाव करू शकतात. पर्यावरण अधिनियमात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. १ एप्रिल २०२४ पासून कैद गेली आणि १०,००० रुपयांपासून १५ लाखांपर्यंत शास्ती आली. हळदीच्या रात्री यातले काहीच आठवत नाही. आठवते ते यंत्र जप्त होण्याचे, कारण डीजेवाल्याचे पोट त्या यंत्रावर असते. म्हणून जप्तीची नुसती शक्यताही दंडापेक्षा जास्त काम करते.

दहाच्या रेषेने काही गोष्टी हिरावूनही घेतल्या. मराठी समाजाच्या पुष्कळ कला रात्रीच्या आहेत. गोंधळ आणि जागरण रात्रभर चालते, जागरणाच्या तर नावातच जागणे आहे. सिंधुदुर्गातल्या जत्रांत दशावतारी नाटक निजानीज झाल्यावर उभे राहते आणि उजाडताना संपते. तमाशाच्या फडात गण-गवळण होऊन वग रंगात येईपर्यंत जुन्या हिशेबाने मध्यरात्र उलटलेली असे. पुण्यात भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव एकेकाळी रात्रभर चाले. शाली पांघरून, थर्मासमधला चहा पीत, रमणबागेच्या मैदानावर पहाट पाहिलेले श्रोते पुण्यात अजून आहेत. आता मैफल दहाला आटोपते, एखाद्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळते. याचा तोटा संगीताच्या आतपर्यंत पोचतो. दरबारी आणि मालकंस उत्तररात्रीचे राग, सोहनी त्याहून पुढचा, ललत पहाटेचा. उघड्या मंडपात ध्वनिक्षेपकावर त्यांच्या खऱ्या वेळी ते ऐकण्याची सोय उरलेली नाही. त्यांची वेळ शांततेला दिली गेली. ही देवघेव न्याय्य आहे, पण फुकटची नाही, हे मान्य केले पाहिजे.

इथे नियमाची खरी हद्द दिसते. तो यंत्राने मोठ्या केलेल्या आवाजावर आणि उघड्यावरच्या वाद्यावर बोट ठेवतो. माणसाच्या गळ्याशी त्याचे भांडण नाही. कार्तिकातली काकड आरती आणि फज्रची अजान या दोन्ही सहाच्या आधी येतात, म्हणजे कायद्याच्या रात्रीत. दोन्ही गळ्याने म्हणता येतात, कर्ण्यावर म्हणता येत नाहीत. नरक चतुर्दशीच्या पहाटे तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायची कोकणातली रीत आहे. कारीट फुटते तेव्हा जेमतेम चट् असा आवाज होतो आणि कडू रस जिभेला लावतात. त्या पहाटे सहाच्या आधी फोडलेला फटाका मात्र नियमभंग असतो. सण दोन्हींत एकच, आणि त्याच्या जुन्या रूपावर कायद्याला काहीच आक्षेप नाही.

मिरवणुका वर्षातून काही दिवस येतात, वरचा मजला रोज असतो. गृहनिर्माण संस्थांच्या तक्रारवहीत सर्वाधिक जागा त्याची असते. खुर्ची सरकवल्याचा, पलंग ओढल्याचा, रात्री साडेअकराला धुण्याचे यंत्र सुकवायच्या फेरीत थडथडल्याचा, खलबत्त्यात लसूण ठेचल्याचा आवाज हवेतून येत नाही. तो सिमेंटच्या स्लॅबमधून येतो. हवेतल्या आवाजाला खिडकी लावता येते, स्लॅबमधल्या आघाताला खालून फारसे काही करता येत नाही, उपाय वरच्याच घरात असतो. खुर्चीच्या चार पायांना चार रबरी बूच, यंत्राखाली जाड रबरी चटई, बत्त्याखाली घडी घातलेले पोते. खर्च शे-दोनशे रुपयांचा असतो आणि त्यावरून वर्षानुवर्षे अबोला चालतो. वरची मुले मध्यरात्री गोट्या खेळतात ही तक्रार तर इतकी सर्रास आहे की ती खरी असती तर सगळ्या शहरांत गोट्यांचा खेळ पुन्हा बहरला असता. पुष्कळदा तो नळ एकदम बंद झाल्यावर पाण्याने पाइपाला दिलेला हिसका असतो.

अशा आवाजांपर्यंत डेसिबलचा नियम पोचत नाही, म्हणून संस्था सर्वसाधारण सभेत आपले ठराव करतात. फर्निचरचे काम, ड्रिल आणि टाइल्स कापायचे कटर सकाळी नऊ-दहा ते संध्याकाळी सहा एवढेच, दुपारी दोन ते चार बंद आणि रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारच्या या दोन तासांना केंद्राच्या नियमांत जागा नाही. वामकुक्षी ही पूर्णपणे स्थानिक तरतूद आहे, आणि पुण्यात ती मोडणाऱ्याला मिळणारी नजर १,००० रुपयांच्या दंडापेक्षा जड जाते.

शांतता सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. महामार्गालगतच्या चाळीला आणि रुळांलगतच्या वस्तीला ४५ डेसिबलची रात्र कधी भेटतच नाही. ज्याला परवडते तो दुहेरी काचांच्या खिडक्या बसवतो, त्या बंद करून वातानुकूलन यंत्र लावतो, आणि त्या यंत्राची बाहेरची पेटी रात्रभर शेजाऱ्याच्या उघड्या खिडकीसमोर घुमत राहते. एकाने विकत घेतलेली शांतता दुसऱ्याच्या झोपेतून वजा होते. रात्रपाळीचा कामगार, परिचारिका, वर्तमानपत्र वाटून परतलेला मुलगा हे सगळे दिवसा झोपतात. कायद्याने त्यांच्या झोपेच्या वेळी सगळ्या जगाला ५५ डेसिबलची मुभा दिली आहे. आणि सगळ्यांच्या झोपेची राखण करणारा पहारेकरी रात्रभर काठी आपटत, शिट्टी फुंकत फिरतो. तो आवाज मात्र कुणी तक्रारवहीत लिहीत नाही. तो थांबला तरच दचकून जाग येते.

नियमाने निजानीज परत आणलेली नाही आणि ते त्याचे कामही नव्हते. त्याने मोडलेल्या घड्याळाच्या जागी एक सामाईक घड्याळ टांगले. दिवसाचे सोळा तास आवाजाला दिले आणि आठ झोपेसाठी मागितले. त्या आठ तासांतही गळा, पाऊल, पाळणा आणि पहारेकऱ्याची काठी यांना त्याने हात लावला नाही. बाकीचे शेजाऱ्यांनी आपसात ठरवायचे आहे. उघड्यावर कर्णा वाजत असेल तर ११२ आहे. वरची खुर्ची वाजत असेल तर एक जिना चढावा, बेल वाजवावी आणि चार रबरी बूच हातात ठेवून यावे. बेल मात्र दहाच्या आत वाजवावी.